मीठ जाते कुठे? : खारवट मातीतल्या फुलझाडांविषयी प्रस्तावना

खारवट जमिनीत कोणती फुलझाडे लावावीत असे विचारले की उत्तर बहुधा यादीच्या रूपात मिळते. कण्हेर लावा, बोगनवेल लावा, चिनी गुलाब लावा. गुलाबाच्या वाटेला जाऊ नका. यादी खोटी नसते. तिच्यातली बरीच नावे अनुभवाने आणि काही प्रयोगांनी ठरलेली आहेत. तरीही तिच्या भरवशावर केलेली बाग पुष्कळदा फसते, आणि फसली की दोष झाडाला, रोपवाटिकेला नाहीतर माळ्याला दिला जातो. याचे कारण असे की क्षार सोसण्याची ताकद झाडाच्या अंगी कायमची ठरलेली असते, असे यादी धरून चालते. हे गृहीतच तपासायला हवे, असे मला वाटते. एखादे झाड किती क्षार सोसेल हे त्याच्या जातीइतकेच मातीच्या निचऱ्यावर, पाण्यात कोणते क्षार आहेत यावर, पाणी देण्याच्या रीतीवर, झाडाच्या वयावर आणि ऋतूवर अवलंबून असते. म्हणून 'कोणते झाड?' याच्या आधी एक प्रश्न विचारला पाहिजे: पाण्याबरोबर आलेले मीठ शेवटी जाते कुठे? मुळांच्या खाली निघून जाते, मातीत साठते, की पानात चढते? याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याला यादीचा उपयोग होतो. एरवी ती नुसती नावांची माळ.

हा प्रश्न बडोद्याच्या पश्चिमेला, गोत्रीसारख्या वस्तीत, रोजचा आहे. जुन्या बडोद्याच्या बागा गोड्या पाण्यावर वाढल्या. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग उभी राहिली. १८९०च्या दशकात आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आले. आणि १८९३ मध्ये संस्थानच्या बागांवर गुस्ताव्ह क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ रुजू झाला, ज्याने पुढे म्हैसूर संस्थानात जाऊन बंगळूरच्या लालबागेला आकार दिला. त्या बागांमधून बडोद्याच्या मराठी घरांना फुलांची जी सवय लागली ती मोगरा, गुलाब, जास्वंद, शेवंती यांची होती. रावपुरा आणि दांडिया बाजारातली कुटुंबे जशी पश्चिमेकडच्या सोसायट्यांत राहायला आली, तशी ही सवयही त्यांच्याबरोबर आली. पण गोत्री हे शहराबाहेरचे, आपल्या तळ्याभोवतीचे गाव होते. इथे अनेक सोसायट्यांत नळाचे पाणी पिण्यासाठी आणि बोअरचे पाणी बागेसाठी, अशी विभागणी झालेली आहे. बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. समुद्र इथून दूर आहे. लाट किंवा खारा वारा गोत्रीपर्यंत येत नाही. पण ही सगळी जमीन खंभातच्या आखाताकडे उतरत जाणाऱ्या गाळाची आहे, आणि पादरा-जंबुसरच्या दिशेने जावे तसे जमिनीखालचे पाणी अधिकाधिक खारट होत जाते. काळ्या खारवट जमिनींच्या अभ्यासासाठी केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने आपले प्रादेशिक केंद्र भरूचला ठेवले आहे ते यामुळेच. कर्नालला १९६९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या अंदाजानुसार देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारग्रस्त आहे आणि त्यातली जवळजवळ २२ लाख हेक्टर एकट्या गुजरातेत आहे.

मचूळ पाण्यातून किती मीठ येते याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो, म्हणून एकदा साधा हिशेब करून पाहू. समजा, बोअरच्या पाण्याची विद्युतवाहकता दर मीटरला २ डेसिसीमेन आहे. म्हणजे लिटरला ढोबळमानाने १,२८० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. हे काही भयंकर पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम इष्ट मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेते. या पाण्यातले रोज ५ लिटर एका चौरस मीटर वाफ्याला दिले, आणि ऑक्टोबर ते मे असे आठ महिने दिले, तर १,२०० लिटर होतात. त्यांतून आलेले क्षार दीड किलोहून जास्त. दहा चौरस मीटरचा वाफा असेल तर पंधरा किलो. पाणी पानांवाटे आणि उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांतला काही भाग चुनखडी होऊन मातीत बसतो आणि मुळांना फारसा त्रास देत नाही. पण उरलेला विरघळलेला राहतो आणि प्रत्येक पाळीला वाढतो. गोत्रीच्या बागेतले बरेचसे मीठ असे पाइपातून, आपल्याच हाताने, पोचलेले असते.

ते झाडाला दोन टप्प्यांत गाठते. पहिला टप्पा मुळांशी. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ते पाणी ओढून घेणे मुळांना जड जाते. माती बोटाला ओली लागते आणि झाड मात्र तहानलेले असते. नवी पाने लहान येतात, फांद्यांची पेरे आखूड होतात. माती सुकत जाते तशी ही अडचण वाढते, कारण तेवढेच मीठ आता कमी पाण्यात उरलेले असते. दुसरा टप्पा पानांत, आणि तो काही आठवड्यांनी दिसतो. पाण्याबरोबर वर चढलेले सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातात. जे पान जितके जुने तितके त्यात मीठ अधिक, म्हणून आधी खालच्या पानांच्या टोकांना आणि कडांना तपकिरी करपा दिसतो. राना मन्स आणि मार्क टेस्टर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनामुळे ही दोन टप्प्यांची मांडणी वनस्पतिशास्त्रात रूढ झाली. बागेत तिचा उपयोग असा की उपायही दोन वेगळे ठरतात. पहिल्या टप्प्यात ओल टिकवून धरली की झाड तगते. दुसऱ्या टप्प्यात नुसत्या ओलीने भागत नाही, मीठ खाली धुऊन काढावे लागते.

आता झाडे काय करतात ते पाहू. इथे विषय खरोखर रंगतदार होतो. पहिली रीत म्हणजे मीठ आत येऊच न देणे. मुळाच्या आतल्या भागात पेशींचा एक वेढा असतो आणि त्यांच्या भिंतींत पाणी अडवणारा पट्टा असतो; पाण्याला तिथे पेशीच्या आतूनच जावे लागते, आणि पेशीच्या पडद्यावरची प्रथिने सोडियमला परत मातीत ढकलतात किंवा वर जाणाऱ्या रसातून काढून घेतात. कलमी गुलाबात हे काम खुंट करतो. म्हणजे फूल कोणत्याही जातीचे असो, पानापर्यंत किती सोडियम आणि क्लोराइड पोचेल हे पुष्कळसे त्याच्या खाली असलेल्या खुंटावर ठरते. रोपवाटिकेत आपण फुलाचा रंग विचारतो, खुंट कोणता हे कोणी विचारत नाही. खारट पाण्याच्या भागात तो पहिला प्रश्न असायला हवा. दुसरी रीत म्हणजे आत आलेले मीठ पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवणे आणि पेशीच्या कामकाजाच्या भागात प्रोलीन किंवा ग्लायसिन बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये भरून पाण्याचा तोल सांभाळणे. मांसल पानांच्या झाडांना हे सोपे जाते, कारण पानात पाणी जास्त मावते आणि मीठ पातळ राहते. चिनी गुलाब, म्हणजे आपल्या घोळीच्या भाजीचा भाऊबंद, यामुळेच कडक उन्हात मचूळ पाण्यावर फुलतो. काही झाडे जुन्या पानांत मीठ भरून ती पानेच टाकून देतात. अशी पानगळ पाहून घाबरून खत घालणे म्हणजे आणखी क्षार घालणे.

तिसरी रीत सर्वांत देखणी आहे: मीठ बाहेर टाकणे. खाडीकाठच्या तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते, कारण पानावरच्या क्षारग्रंथी मिठाचे पाणी बाहेर सोडतात आणि उन्हात त्याचे कण उरतात. झाऊही हेच करतो. बागेतल्या फुलझाडांत या रीतीचा उत्तम नमुना म्हणजे स्टॅटिस, वाळवलेल्या फुलांच्या गुच्छात जी कागदासारखी जांभळी फुले दिसतात ती. ही जात मुळात भूमध्य समुद्राकाठची. तिचीच एक नातलग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर रानात वाढते. भिंग घेऊन तिचे पान पाहिले तर ग्रंथींच्या जागी पांढरे ठिपके दिसतात. आणखी एक रीत आहे, ती वेळेची. गौरीपूजनात मान असलेला तेरडा पावसाबरोबर उगवतो आणि पाऊस सरता सरता आपले आयुष्य पुरे करतो. मातीच्या वरच्या थरातले मीठ धुऊन गेलेले असते त्याच दिवसांत तो जगतो. त्याच्या नाजूक, पाणीदार खोडात मीठ सोसण्याची कोणतीही मोठी यंत्रणा नाही आणि त्याला तिची गरजही पडत नाही. दसऱ्याच्या झेंडूलाही सुरुवातीच्या नाजूक दिवसांत याच धुतलेल्या मातीचा फायदा मिळतो. बहुतेक झाडांची रोपे मोठ्या झाडापेक्षा मिठाला लवकर बळी पडतात, त्यामुळे रोप कोणत्या महिन्यात लावले हा तपशील जातीच्या नावाइतका वजनदार आहे.

कुळाच्या नावावरून तर काहीच ताडू नये. जास्वंद, कापूस आणि परसपिंपळ एकाच कुळातले. परसपिंपळ खाडीच्या कडेला खाऱ्या चिखलाजवळ उभा राहून पिवळी फुले देतो. कापूस मिठाला चांगलाच चिवट. त्याचे उत्पन्न मातीतल्या अर्काची वाहकता ७.७ डेसिसीमेन होईपर्यंत घटत नाही असे मोजले गेले आहे. आणि बागेतली चिनी जास्वंद २ ते ३ मध्येच कुरकुरते. हे आकडे अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेच्या कामातून आले. याच प्रयोगशाळेने १९५४ च्या आपल्या प्रसिद्ध हस्तपुस्तिकेत ४ डेसिसीमेन ही खारवट जमिनीची सीमा धरली, आणि १९७७ मध्ये मास व हॉफमन यांनी पिकांचे उंबरठे मांडले: घेवडा १, बार्ली ८, आणि हरळी ६.९. गणपतीला वाहण्याची दूर्वा म्हणजे हीच हरळी, तेव्हा तिच्याविषयी गोत्रीत कोणाला चिंता करण्याचे कारण नाही. शोभेच्या झाडांचा तक्ताही मास यांनी तयार केला. त्यात गुलाब जास्वंदीच्या रांगेत आहे, कण्हेर आणि बॉटलब्रश ४ ते ६ मध्ये, बोगनवेल ६ ते ८ मध्ये. मला या तक्त्यापेक्षा त्याला जोडलेल्या अटी अधिक बोलक्या वाटतात. एक अट अशी की मातीत जिप्सम असेल तर हीच झाडे आणखी सुमारे २ डेसिसीमेन सोसतात. झाड तेच, मीठ तेवढेच. मातीत कॅल्शियमची साथ मिळाली आणि आकडा वर सरकला. ताकद केवळ झाडाची असती तर असे झाले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे धान्य आणि फुलझाड यांना एका मापाने मोजता येत नाही. गव्हाचे उत्पन्न किलोत मोजतात, त्यामुळे वाढ खुंटली की नुकसान ठरलेले. शोभेच्या झाडाचे मोल दिसण्यावर असते, म्हणून तक्त्यात पान करपणे, पानगळ आणि फाजील खुरटणे हे निकष धरले आहेत. थोडीशी खुंटलेली वाढ मात्र पुष्कळदा सोयीचीच असते. कुंडीतली रोपे आटोपशीर राहावीत म्हणून रोपवाटिकांत वाढरोधक औषधे फवारतात. पाण्याचा थोडा ताण पडला की बोगनवेल अधिक फुलते हे तर प्रत्येक माळ्याला ठाऊक आहे. म्हणजे मिठाच्या पहिल्या टप्प्याचा परिणाम फुलझाडाला थोडा चालतो, दुसऱ्या टप्प्याचा अजिबात नाही. पानाची एक कड जळली तरी शोभा गेली. शेतीच्या पुस्तकातले क्षारतेचे सल्ले जसेच्या तसे बागेत आणले की इथे घोटाळा होतो.

पानाची भाषा नीट वाचता येणे म्हणूनच महत्त्वाचे. जुन्या पानांच्या कडा तपकिरी आणि कोरड्या होत आत सरकत असतील तर तो मिठाचा करपा. पण गोत्रीच्या बागांत दुसरे एक दुखणे त्याच्या जोडीने येते आणि दोन्ही एकच समजली जातात. रुक्मिणीच्या, म्हणजे एक्झोराच्या, शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव आहे. बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट आणि मातीतली चुनखडी यांनी सामू वर जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पहिल्या दुखण्यात मीठ धुऊन काढायचे असते. दुसऱ्यात तेच बायकार्बोनेटचे पाणी भरपूर दिले तर पिवळेपणा वाढतो. अशा मातीत नुसते फेरस सल्फेट मिसळले तर ते लवकरच निकामी होते, चिलेट रूपातले लोह द्यावे लागते. दोन पाने हातात धरून पाहण्याचे हे काम आहे: एक खालचे, एक शेंड्याचे.

पाण्याच्या बाबतीतही एका आकड्यावर विसंबून चालत नाही. आता घरोघरी आरओ आहे आणि टीडीएस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. टीडीएस क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. अनेक सोसायट्यांत जड पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, बादलीत फेस छान होतो, नळांवर पांढरा थर धरत नाही. पण हे पाणी काळ्या मातीत गेले की सोडियम मातीच्या कणांना सुटे करतो, छिद्रे बुजतात आणि निचरा बंद होतो. जमीन चोपण होण्याची हीच वाट. जड म्हणून ज्या पाण्याला नावे ठेवली जातात ते बागेच्या मातीला मऊ केलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी बरे, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला आवर घालतो. म्हणून बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. आरओतून बाहेर पडणारे पाणी झाडांना घाला, हा सल्लाही सरसकट दिला जातो. तीन लिटरांतले एक लिटर शुद्ध होऊन गेले तर उरलेल्या दोनांत जवळजवळ सगळे क्षार राहतात. १,२८० चे १,९०० होतात. जमिनीतल्या, चांगल्या निचऱ्याच्या जागी उभ्या असलेल्या बोगनवेलीला किंवा कण्हेरीला हे चालते. कुंडीतल्या गुलाबाला ते रोज घालणे म्हणजे त्याचे दिवस भरवणे. आणि कोणतेही मचूळ पाणी पाइपाने पानांवर उडवू नये. मुळांशी पहारा असतो, पानांशी नसतो. पानावर पडलेले मीठ थेट आत शिरते, आणि जी झाडे मुळांशी चिवट असतात तीही अशी जळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढा विचार कशाला, पावसाळ्यात सगळे धुऊन जाते. बडोद्याला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गोराडू मातीत, म्हणजे रेताड पोयट्यात, हा आक्षेप बराचसा खरा आहे. दोन चांगल्या झडी झाल्या की वरच्या थरातले मीठ खाली जाते. काळ्या चिकण मातीत मात्र पाऊस पुष्कळसा वरून वाहून जातो. त्यातही सोडियम साठलेला असेल तर उलटेच घडते. मचूळ पाणी चालू असेपर्यंत त्यातल्या क्षारांमुळेच चिकणमातीचे कण एकत्र राहतात. पावसाचे शुद्ध पाणी पडले की ते सुटे होतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि वाफ्यात पाणी तुंबते. जिप्सम घालण्याची वेळ म्हणून पावसाच्या आधीची, म्हणजे सोडियम सुटला की त्याला घेऊन जायला पाणी मिळते. निचरा नसेल तर जिप्समही व्यर्थ, आणि सोडियमचा प्रश्नच नसेल तर ते घालण्यात अर्थ नाही. ठिबकवाल्यांसाठी एक बारकावा. ठिबकखालची ओल जिथे संपते त्या कडेला मीठ गोळा होते. पहिली हलकी सर आली म्हणून ठिबक बंद केले तर ते कडेचे मीठ पावसाबरोबर मुळांत शिरते आणि जून महिन्यात झाडे अचानक करपतात. पहिल्या सरींत ठिबक चालूच ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नर्मदेचा मुख्य कालवा बडोदे जिल्ह्यातूनच पुढे जातो, महीच्या विहिरींचे पाणी शहराला मिळते. गोडे पाणी वाढत जाईल आणि मिठाचा प्रश्न आपोआप मिटेल, असे मानणारे पुष्कळ आहेत. याचे उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पाणी गोडे होते. पण निचऱ्याचा विचार झाला नाही, भूजल वर आले, त्याच्याबरोबर खालचे क्षार वर आले, आणि १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. सांगली-शिरोळकडच्या उसाच्या जमिनींनी तोच धडा पुढे गिरवला. पाणी गोडे असल्याने मिठाचे साठणे थांबत नाही, त्याला बाहेर जायला वाट असली तरच थांबते. शिवाय गोड्या पाण्यावर पहिला हक्क पिणाऱ्याचा आहे. हिरवळीच्या गालिच्यासाठी महीचे पाणी वापरावे आणि शेजारच्या वस्तीत टँकर यावा, हे मला पटत नाही. बाग मचूळ पाण्यावर राखता येत असेल तर ती तशी राखणे हे कर्तव्यच समजले पाहिजे.

मग सरळ खारी झाडेच लावून मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. मर्यादवेल, वनजाईचे कुंपण, परसपिंपळ, कण्हेर, बोगनवेल, गुलाब-मोगऱ्याला रामराम. यात दोन अडचणी आहेत. चिवटपणा हा एकमेव गुण मानून झाडे आणली की काय होते ते कच्छच्या बन्नीत दिसते. खाऱ्या रणाचा फैलाव रोखण्यासाठी तिथे १९६१ मध्ये वेडी बाभूळ लावली गेली. तिने मीठ सोसले, आणि गवताळ प्रदेशही व्यापला. दुसरी अडचण माणसांची. देव्हाऱ्यात जास्वंद हवी, वेणीत मोगरा हवा; फुलांशी असलेले हे नाते माती खारट आहे म्हणून तोडून टाकावे असे मला वाटत नाही, आणि तशी गरजही नाही. हिशेब विभागून ठेवावा. जमिनीत, बोअरच्या पाण्यावर, चिवट झाडे. गच्चीवरच्या पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर कुंड्यांत मोजकी नाजूक झाडे. आणि पावसाळ्याच्या धुतलेल्या मातीत तेरडा-झेंडू. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पूड दिसू लागली, की खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत एकदा धुऊन काढावी. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी खोलवर दिलेले पाणी मीठ खाली नेते. वरंब्यावर रोप लावायचे तर माथ्यावर लावू नये, कारण दोन्ही बाजूंची ओल माथ्याकडे चढते आणि मीठ तिथेच उरते, उतारावर लावावे.

राहिला शेवटचा आक्षेप: जंबुसरच्या शेतकऱ्याचे शेत खारावत असताना फुलझाडांची एवढी काळजी कशाला? शेताचा प्रश्न मोठा आहे यात वाद नाही. पण मीठ कसे येते, कुठे थांबते आणि कशाने जाते हे समजून घ्यायला चार चौरस मीटरचा वाफा शेताइतकाच चांगला शिक्षक आहे, आणि तिथली चूक कोणाच्या पोटावर येत नाही. शहरातली माणसे हे घराशीच शिकली तर कालवे, निचरा आणि सांडपाणी यांविषयीच्या निर्णयांत ती अडाणी राहणार नाहीत.

आपल्या फुलांविषयीचे ज्ञान अजून तोकडे आहे, हेही नमूद केले पाहिजे. मास यांचा तक्ता कॅलिफोर्नियाच्या बागांसाठी केलेला. त्यात मोगरा नाही, सोनचाफा नाही, प्राजक्त नाही, तेरडा नाही. आणि तिथला पावसाळा हिवाळ्यात येतो, आपला उन्हाळ्याच्या पाठोपाठ. त्यामुळे मे महिन्यात आपल्या मातीत जितके मीठ जमलेले असते तितके ऑक्टोबरात नसते, आणि वर्षाचा एकच आकडा आपल्या कामाचा नाही. हे पुस्तक हाती घेणाऱ्यांनी स्वतःच्या बागेपुरती नोंद ठेवावी, अशी माझी विनंती आहे. बोअरच्या पाण्याची वाहकता, सॉफ्टनर आहे की नाही, माती गोराडू की काळी. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात वरच्या अर्ध्या फुटातल्या आणि त्याखालच्या अर्ध्या फुटातल्या मातीची तपासणी. कलम असेल तर खुंट कोणता. कोणत्या पानापासून करपा सुरू झाला आणि कळ्या कधी गळल्या. खालच्या थरातला ऑक्टोबरचा आकडा मे महिन्याच्या आकड्यापेक्षा कमी भरला तर मीठ बागेबाहेर जाते आहे. जास्त भरला तर ते केवळ खाली दबा धरून बसले आहे, आणि पुढच्या लागवडीआधी त्या वाफ्याचा निचरा खणून पाहावा लागेल.

गोत्री, बडोदे